तोंडाला हळद न लावण्याचा रिवाज

आमच्या भावकीत नवरीच्या तोंडाला हळद लावत नाहीत. पाय, गुडघे, हात, खांदे, आणि तिथे हात थांबतो. मागच्या उन्हाळ्यात चुलत बहिणीच्या लग्नात फोटोग्राफरने गालावर हळद लावा म्हणून हट्ट धरला, तेव्हा घरातल्या धाकट्या सुनेने त्याला ऐकवले, "आमच्यात चालत न्हाई. लई जुना रिवाज हाय." ती खोटे बोलत नव्हती. तिला तसेच सांगितले गेले होते. पण ती या घरात येण्याच्या जेमतेम वर्षभर आधी तो रिवाज सुरू झाला, माझ्या ताईच्या हळदीत, माझ्यासमोर.

आमचे घर नगरहून येताना मिरजगावच्या अलीकडे, हायवेपासून थोडे आत. बारावीनंतर ताईच्या जबड्याच्या कडेने मुरमे येऊ लागली. त्याच सुमारास हनुवटीखाली राठ, काळे केस उगवले. पाळी महिनोन्महिने चुकायची. मसुराचे पीठ झाले, तुरटी झाली, कडुलिंबाचा पाला झाला. हळद घातलेले मसुराचे पीठ वाळले की एकेक केस पिवळा होऊन उभा राहायचा आणि आधी न दिसणारेही दिसायचे. तो उपाय ताईने एकदाच केला.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून सांगितले की हार्मोन्सचे प्रमाण बिघडले आहे, पुष्कळ मुलींना असे होते. मुरमे आधी जातील, केसांना वेळ लागेल. आईने विचारले, "लग्नानंतर जाईल ना सगळं?"

"लग्नाचा याच्याशी काही संबंध नाही," बाई म्हणाल्या.

आईला ते उत्तर आवडले नाही, पण गोळ्या सुरू झाल्या. दर महिन्याला ताई आणि मी एसटीने नगरला जायचो. आईने बजावले होते की कुणी विचारले तर क्लासची चौकशी करायला चाललोय म्हणायचे. कंडक्टरला आमचे थांबे पाठ झाले होते. येताना स्टँडबाहेर उसाचा रस प्यायचो. ताई दोन ग्लास प्यायची.

केस काढण्याचे काम माझ्याकडे होते. मधल्या खोलीच्या खिडकीशी उजेड चांगला येई. ताई मान वर करून डोळे मिटून बसायची, मी दोऱ्याचे एक टोक दातात धरायची. दोरा दातात असल्याने मला बोलता येत नसे, म्हणून ती एकटीच बोलायची. कॉलेजातल्या मैत्रिणींची भांडणे, आत्याच्या घोरण्याची नक्कल. मी हसले की दोरा सुटायचा. "नीट कर गं, अर्धी मिशी ठेवशील," ती म्हणायची. आज त्या खोलीत धान्याच्या गोण्या आहेत आणि खिडकी बंद असते. त्या दुपारी परत मिळाल्या तर मला हव्या आहेत.

अडचण एकच होती. दोरा फिरवला की दुसऱ्या दिवशी तिथे पुटकुळ्या उठत. नाही फिरवला तर केस दिसत. एक लपवायला गेले की दुसरे बाहेर येई.

स्थळ श्रीरामपूरकडचे आले. बघायला माणसे दिवेलागणीनंतर आली. तोवर मुरमे बरीच ओसरली होती आणि हनुवटी त्या दिवशी नेमकी साफ होती. पसंती झाली. ताई आईला म्हणाली, "त्यांना सांगून टाक. मागनं फसवलं म्हणतील."

"केस म्हंजी काय आजार हाय का सांगायला?" आई म्हणाली. विषय तिथे संपला. ताईचा संपला नाही. साखरपुड्यापासून तिला एकच धास्ती होती, की सासरची बाई कुठल्यातरी उजेडात तिच्या तोंडाकडे बघेल.

लग्नाच्या आठवड्यात मुरमे पुन्हा उसळली. डॉक्टरीणबाईंनी दोरा लावायला सक्त मनाई केली. त्यामुळे हळदीच्या सकाळी ताई पाटावर बसली ती मुरमे आणि केस दोन्ही घेऊन. मांडवाच्या कापडाला फट होती आणि तिथून ऊन थेट तिच्या तोंडावर येत होते. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन त्याची थोरली भावजय आणि आणखी काही बायका जीपने आल्या होत्या.

पहिला मान आत्याचा. तिने पायांना लावली, गुडघ्यांना, खांद्यांना. हात वर नेला. ताईने डोळे गच्च मिटले होते. आत्याने हात खाली घेतला आणि वाटी पुढे केली.

"वन्सं, तोंड राह्यलं की," चुलती म्हणाली.

"तोंडाला न्हाई लावायची. आपल्यात न्हाई लावत."

"कवापासनं? माझ्या तर कानात घातली हुती तुमी!"

"तू सून हायस. लेकीला न्हाई लावत."

"मग हळद भिजवायच्या आधी सांगायचं. आता वाटीभर उरंल."

"उरली तर तुला लावते. हो परत नवरी."

बायका हसल्या. पुढे कुणी वाद घातला नाही. लग्नात रिवाज मोडला आणि काही वाईट झाले तर बोल मोडणारीवर येतो. म्हाताऱ्यांना वाटले, आपल्याच ध्यानातून गेले असेल.

मग ती भावजय पुढे आली. "आमच्याकडं तर आधी गालालाच लावत्यात," ती म्हणाली आणि वाकली. तिची बोटे ताईच्या हनुवटीजवळ थांबली. तिने उन्हात नीट पाहिले. मी शेजारीच तांब्या धरून उभी होते, म्हणून मला दिसले.

"पर लेक तुमची, दार तुमचं," ती म्हणाली आणि खांद्यांना हळद लावली. मग आमच्या चुलतीला म्हणाली, "पाट जरा फिरवा की. पोरीच्या तोंडावर ऊन येतंय."

पाट फिरवला. हात धुताना ताई मला एवढेच म्हणाली, "त्यांनी बघितलं."

लग्न लागले. पुढचे दिवस आई फोन वाजला की दचकायची. ताई पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आईने पाणी द्यायच्या आधी विचारले, "कुणी काय बोललं का?"

"जाऊबाई बोलल्या."

"काय?"

"म्हणल्या, दवाखान्यात कधी जातीस? जायचं तर गुरुवारी जात जा. त्यांचा उपास असतो, सैपाक थोडा असतो, त्या सांभाळतील."

"आणि फसवलं म्हणून?"

"तसं कायच न्हाई म्हणल्या."

आईने पुन्हा एकदा तेच विचारले आणि ताईने पुन्हा तेच सांगितले.

त्यानंतर आम्ही नगरला भेटू लागलो. ती श्रीरामपूरकडून यायची, मी मिरजगावकडून. पहिल्या गुरुवारी ती गाडीतून उतरली तेव्हा हनुवटीवर ताजी मुरमे होती आणि तिला आधी कापडबाजारात जायचे होते. जाऊबाईंनी हिरव्या बांगड्या सांगितल्या होत्या. डॉक्टरीणबाई दुपारपर्यंत असतात, नंतर जाऊ, असे ती म्हणाली आणि भर उन्हात माझ्या पुढे चालू लागली.