पहिली मरळ

मोरपिसाचा डोळा देऊन टाकून देठ जपून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जयपूरला बदली होऊन आम्हाला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मुरलीपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्या दिवसांत मोर पिसं टाकून जात. एका सकाळी मुलीसाठी एखादं पीस मिळेल म्हणून वर गेलो, तर पाण्याच्या टाकीला टेकून एक काटकुळे म्हातारे गृहस्थ बसले होते. पुढ्यात मूठभर पिसं होती आणि जुन्या ब्लेडने ते त्यांचे निळेहिरवे केस सोलून काढत होते. मी जिन्यातून खाली बायकोला ओरडून सांगितलं की पिसं आहेत, पण कुणीतरी आधीच गोळा केलीयत. ते ऐकून म्हाताऱ्यांनी मान वर केली.

"खयचे तुमी?" त्यांनी विचारलं.

मी सातारचा म्हटलं, आणि मुलीसाठी एखादं पीस हवं होतं, हेही सांगितलं. त्यांनी सगळे डोळे वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. "हे चेडवाक दी. माका देठ पुरे."

त्या देठाचं ते काय करणार, हे विचारायला मी थांबलो आणि तिथून आमची ओळख सुरू झाली. वाळलेला देठ पाण्यात उभा तरंगतो. गळाच्या दोऱ्याला तो बांधला की खाली मासा आमिषाला नुसता लागला तरी वरचं टोक थरथरतं. बाजारातली प्लास्टिकची तरंगणी त्यांना चालत नसत. "ती बहिरी असतत," असं ते म्हणायचे.

त्यांचं नाव दत्ताराम कुबल, मी त्यांना काका म्हणू लागलो. मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. बाविसाव्या वर्षी इथल्या लष्करी ठाण्यात स्टोअरकीपर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत जयपूरलाच राहिले. बायको वारली होती. एकुलता एक मुलगा नितीन सासऱ्यांच्या भागीदारीत बाथरूमच्या फरशांचं दुकान चालवायचा. तळमजल्यावरचा फ्लॅट त्याचा. सूनबाई स्वभावाने चांगली, पण तिच्या माहेरी कांदा-लसूणसुद्धा शिजत नसे. आमच्या सोसायटीतली बहुतेक घरं तशीच. तेव्हा बापलेकांत एक करार झाला होता. काकांनी रविवारी तळ्यावर जावं, हवे तेवढे मासे धरावेत, तिथेच खावेत. पण घरात मासा, माशाचा वास किंवा माशाची गोष्टही येता कामा नये. काठ्या, गळ, दोरे असं सगळं सामान ते जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवत आणि परतल्यावर गेटजवळच्या नळावर बेसन आणि लिंबाने कोपरापर्यंत हात धूत. मी ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. काका हसले नाहीत. "पोराचा घर आसा," एवढंच म्हणाले.

घरात त्यांची भाषा कळणारं कुणी उरलं नव्हतं. नितीनला मराठी समजायचं, पण उत्तर हिंदीतून यायचं. नातवाला तर समजतही नसे. मी मासे खाणारा, तेही कोरड्या देशावरचा. गळ कधी हातात धरला नव्हता. तरी मराठी बोलणारा म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं असावं. मी विमा कंपनीतल्या टेबलाला वैतागलेला होतो. रविवारी स्कूटरवर मागे बसून सांगानेरच्या पुढे, छपाईच्या कापडांची वाळवणं मागे टाकून, त्या उथळ तळ्याकडे जायला मला फार आवडू लागलं.

पहिले दोन रविवार त्यांनी मला काठीला हात लावू दिला नाही. बाभळीखाली बसवलं आणि पाण्याकडे बघायला सांगितलं. वारा कुठून येतो, कुठल्या कडेला फेस साचतो, बुडबुडे एका जागी येतात की चालत जातात, हे मी त्यांना सांगायचं. मला सगळं पाणी सारखंच दिसायचं. "तू तळ्याकडे बघतस," ते म्हणाले, "पाण्याकडे बघ." तिसऱ्या रविवारी कळलं. उन्हं चढली की तिलापिया सावलीतल्या दगडांजवळ सरकतात, आणि शेवाळात मधूनच पाणी फुगून 'गुळुक' असा आवाज येतो ती मरळ असते, हवा घ्यायला वर आलेली.

मग बारका गळ, कणकेत भाजलेलं बेसन घालून मळलेली वाटाण्याएवढी गोळी आणि मोरपिसाचा देठ. देठ पहिल्यांदा हलला की मी काठी खेचायचो आणि गळ रिकामा यायचा. काका नुसती नवी गोळी पुढे करत. अशा दहाबारा गोळ्या झाल्यावर म्हणाले, "पयल्यांदा तो नुसता इचारता. दुसऱ्यांदा खाता. माशाक घाई नाय, तुका कित्याक?" त्या सकाळी मी तळहाताएवढा तिलापिया काढला. तो हातात धडधडत होता.

तळ्याचा चौकीदार रामलाल त्यांच्या ओळखीचा होता. ठेकेदाराची परवानगी त्यानेच मिळवून दिली होती. त्याच्या खोपटाबाहेरच्या चुलीवर काका मासे भाजत. खिशातल्या डबीत मीठ, हळद, तिखट आणि गावाहून आलेली आमसुलं असत. खाताना ते बोलत नसत. काटे एका ओळीत दगडावर मांडत आणि शेवटी डोकं चोखून झालं की पाण्याकडे बघत बसत. आठवड्याभरात त्यांचा चेहरा एवढा मोकळा मी दुसऱ्या कुठल्याच वेळी पाहिला नाही.

पुढच्या पावसाळ्यात एकदा शेवाळाशेजारी लालसर पिल्लांचा थवा दिसला, आणि त्याच्याखाली काळी सावली. मी काठी उचलली तर त्यांनी माझं मनगट धरलं. मरळ पिल्लं घेऊन फिरते तेव्हा तिच्यापुढे काहीही टाकलं तरी ती झडप घालते. भुकेने नव्हे, रागाने. "पोरां राखणाऱ्याक फसवूक अक्कल लागणा नाय," ते म्हणाले आणि आम्ही तिथून उठून दुसऱ्या काठाला गेलो.

मला माझी मरळ मिळाली ती दिवाळीच्या आधीच्या रविवारी. आमिषाला जिवंत बारकी मासळी होती. देठ हलला नाही, सरळ गायबच झाला. काका मागून शांतपणे सांगत राहिले, काठी खाली धर, तिला शेवाळात जाऊ देऊ नको, दोरा ताणून ठेव. पाचेक मिनिटांनी ती चिखलावर येऊन पडली. माझ्या हाताएवढी लांब, सापासारख्या डोक्याची. मी लहान मुलासारखा नाचलो. काकांनी तिला पाणी लावून स्वच्छ केलं, माझ्या हातात दिली आणि मोबाइलवर माझा फोटोही काढला.

मग मी म्हणालो की ही मी घरी नेणार.

त्यांनी नको म्हणून सांगितलं. एकदा नव्हे, तीनदा. इथेच भाजू, रामलाललाही देऊ, वहिनींना पुढच्या रविवारी इकडेच घेऊन ये, असं म्हणाले. पण मला बायकोला दाखवायची होती. वैशालीने वर्षभरात मासा चाखला नव्हता. खिडक्या लावून घेतो, उदबत्ती लावतो, कुणाला काय कळतंय, असं मी बोलत राहिलो. शेवटी काकांनी मरळ ओल्या फडक्यात आणि वर दोन पिशव्यांत बांधून दिली.

दुपारी बारा वाजता आमच्या स्वयंपाकघरात तेल तापलं. साडेबाराला सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला मेसेज आला. एक वाजता सेक्रेटरी शर्माजी दोन माणसांना घेऊन दारात उभे होते. ते आरडाओरडा करत नव्हते. फ्लॅटच्या भाडेकरारातली मांस-मच्छी न शिजवण्याची अट त्यांना पाठ होती, ती त्यांनी सांगितली. घरमालकाला फोन करावा लागेल म्हणाले. मुलीची शाळा अर्ध्यावर होती, वैशालीला सातवा महिना होता. ती स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन उभी होती, हे मला आठवतं.

शर्माजींनी विचारलं, "ये आया कहाँ से, मानेजी?"

मी म्हणालो, "कुबलजी ने दिया. बहुत आग्रह किया, मैं मना नहीं कर पाया."

एवढंच. वाक्य तयार असल्यासारखं तोंडातून बाहेर पडलं. शर्माजींचा चेहरा लगेच सैल झाला. आप तो नये आदमी हैं, असं म्हणून त्यांनी मला समजून घेतलं आणि तिघेही जिना उतरून तळमजल्यावर गेले. मी दार लावलं. वैशाली गॅस बंद करून आत गेली. मरळ आम्ही खाल्ली नाही.

खाली काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. नितीनने सगळ्यांसमोर वडिलांना विचारलं. काकांनी माझ्या दाराकडे एकदा वर पाहिलं म्हणे, आणि मग, हो, मीच दिली, असं सांगून टाकलं. संध्याकाळी नितीनने जिन्याखालची पेटी भंगारवाल्याला दिली. स्कूटरची किल्ली काढून घेतली. ग्रुपवर त्याने सगळ्यांची माफी मागितली, आणि असं पुन्हा होणार नाही, पप्पांचं वय झालंय, असं लिहिलं. त्याखाली बऱ्याच जणांनी हात जोडले होते. मीही जोडले होते.

चार दिवस मी मागच्या गेटने जात येत होतो. पाचव्या दिवशी वैशालीने मला सुनावलं, की तुम्ही जाणार नसाल तर ह्या पोटाने मी जिना उतरून जाते. तेव्हा गेलो. सूनबाईने चहा दिला. काका बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्या पायाशी वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसलो आणि मनात जुळवून आणलेलं सगळं बोललो. शाळेचं, वैशालीचं, घराचं. मी आत्ता नितीनला खरं सांगतो, असंही म्हणालो.

ते गेटकडे बघत होते. मग मालवणीत, आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू, म्हणाले, "खोटा बोललंस तेचा माका काय नाय. घाबरलंस. माणूस घाबरता. पण माने, तुझी पयली मरळ होती ती. पयली मरळ कोण दुसऱ्याच्या नावार टाकता?"

नितीनला सांगू का, असं मी परत विचारलं. त्यांनी मान हलवली. आता सांगून पेटी परत येणार नव्हती, आणि मुलगा आपण वडिलांवर उगाच चिडलो म्हणून खजील झाला असता, ते त्यांना नको होतं. चहा थंड झाला होता. तो संपवून मी उठलो. त्यांनी मला थांब म्हटलं नाही, पुन्हा येही म्हटलं नाही.

त्यानंतर ते वर्षभर जगले. सकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसत. मी नमस्कार केला की नमस्कार करत, आम्हाला मुलगा झाल्यावर त्याच्या हातात नोट ठेवून गेले, पण माझ्याशी मराठी बोलले नाहीत. "ठीक हैं?" असं विचारत. ऑफिसला उशीर होत असल्यासारखा मी घाईने पुढे जात असे. तळ्यावर मी एकदाच गेलो. रामलालने "बाबूजी नहीं आए?" असं विचारलं. त्यांची तब्येत बरी नाही, असं सांगून मी परत फिरलो. तेही खोटंच होतं, निदान तेव्हा.

जानेवारीच्या थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि ते गेले. तिसऱ्या दिवशीची बैठक कॉलनीच्या हॉलमध्ये होती. पांढऱ्या चादरी, हार घातलेला फोटो, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. नितीन लाल डोळ्यांनी दाराशी हात जोडून उभा होता. त्याच्या सासऱ्यांकडचे एक वयस्कर गृहस्थ बोलायला उठले. कुबलजींच्या प्रामाणिक नोकरीबद्दल, साधेपणाबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले, की शेवटच्या वर्षात त्यांच्यात मोठं परिवर्तन झालं होतं. "किसी ने कहा नहीं, अपने मन से जीव-हत्या छोड़ दी. ऐसा संकल्प इस उम्र में कोई बिरला ही करता है."

हॉलमधल्या माना हलल्या. शर्माजींनी डोळे मिटून घेतले. बायकांच्या रांगेतून वैशाली माझ्याकडे बघत होती, मांडीवर बाळ घेऊन. या वेळी मला कशाचीच भीती नव्हती. नागपूरच्या बदलीची ऑर्डर आली होती, सामान बांधून झालं होतं, फ्लॅट महिनाअखेरीस सोडायचाच होता. उठून दोन वाक्यं बोललो असतो तर कुणी माझं काही वाकडं करू शकणार नव्हतं.

गृहस्थांनी बोलता बोलता माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांबरोबर मीही मान हलवली.