सहाशे बारा नंबरचा फॉर्म

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या हाउकिरांता गावात चाळिशीपुढचा असा एकही माणूस नसेल, ज्याच्या दंडात राइली हाउतालाची सुई गेलेली नाही. एकोणतीस वर्षं तिने रक्त काढलं. हात इतका हलका, की माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत दात आवळून बसलेला असायचा आणि राइली म्हणायची, "झालं. ऊठ आता, कॉफी घे." भट्टीपुढे छाती काढून उभे राहणारे गडी सुई बघितली की पांढरे पडत. त्यांना ती सांगायची, "तू डोळे मीट बाबा, मी उघडे ठेवते."

गावात संशोधन दोन प्रकारचं चालायचं आणि त्याच्या दोन्ही इमारती एकाच रस्त्यावर समोरासमोर होत्या. एकीत, म्हणजे कारखान्यात, पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांसाठी काळी पूड भाजून बघत. कोबाल्ट किती घालायचा, निकेल किती, भट्टी किती तापवायची, ही तिथली चिंता. दुसरीत, म्हणजे दवाखान्यात, ती पूड भाजणाऱ्या माणसांकडे बघत. कुणाला कशामुळे कोणता आजार जडायचा धोका आहे, सिगारेट, वजन, धूळ, आईबापांकडून आलेलं काय काय, हे वर्षानुवर्षं टिपून ठेवत. पहिल्या इमारतीत राइलीचा नवरा आहती आणि दुसरीत राइली. लोक म्हणत, यांच्या घरात एक जण धूळ करतो आणि दुसरी मोजते.

आहती काही शास्त्रज्ञ नव्हता, पण शास्त्रज्ञांचं त्याच्यावाचून अडायचं. भट्टीतून निघालेली पूड ट्रेमध्ये दगडासारखी घट्ट बसलेली असे. तो ती लाकडी हातोड्याने फोडायचा, चाळायचा आणि रंग बघून म्हणायचा, "आजची बिघडली." प्रयोगशाळेतली शिकलेली मंडळी दोन दिवस यंत्रं लावून तेच सांगत. एकदाच, एका सणाला दोन पेग झाल्यावर, तो म्हणाला होता, "जगात कुणाच्या खिशात फोन वाजला, तर त्यात थोडा माझा हात असतो, म्हातारे." हाउकिरांतात माणूस दहा वर्षांतून एकदा बढाई मारतो. राइलीने ती जपून ठेवली.

दोघांची गाठ तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवात पडली. तिथे आहतीने लागोपाठ चार नाच तिच्याबरोबर केले आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. पाचव्या नाचाला राइलीच म्हणाली, "तुला जीभ आहे ना, की मी डॉक्टरला दाखवू?" तो हसला, आणि लग्न ठरल्यातच जमा झालं. तेव्हापासून बोलायचं खातं राइलीकडे आणि सरपणाचं आहतीकडे. संसार असाच चालला, आणि चांगला चालला.

दर जानेवारीत कारखान्यातल्या प्रत्येकाच्या घरी दवाखान्याचा पाच पानी फॉर्म यायचा. सकाळी खोकला येतो का? कफ पडतो का? जिना चढताना धाप लागते का? सिगारेट किती, दारू किती, कॉफीचे कप किती? फॉर्मवर नाव नसायचं, फक्त नंबर. कोणता नंबर कुणाचा, हे फोन करायची वेळ येईपर्यंत दवाखान्यातल्या माणसांनी बघायचं नाही, असा सक्त नियम होता, कारण ओळखीच्या माणसाबद्दल मन आधीच एका बाजूला झुकतं. खोकल्याला 'हो' आलं की त्या नंबरच्या माणसाला फोन जायचा, छातीचे फोटो निघायचे, आणि काही दिसलं तर माणसाला पुडीवरून हलवून दुसरं काम मिळायचं. सगळी मदार त्या एका 'हो'वर होती.

"फॉर्म ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने भरायचा," हे राइली रक्त काढता काढता प्रत्येकाला बजावायची. आणि घरी? घरी आहती फॉर्म बघून असा काही सुस्कारा टाकायचा, की जणू कुणी बर्फ उपसायला सांगितलंय. "गेल्या वर्षीसारखाच भर ना," म्हणायचा. राइलीकडे गेल्या वर्षीची झेरॉक्स असायचीच. कॉफीचा एक घोट, एक खूण. खोकला नाही. कफ नाही. धाप नाही. तो खाली सही करायचा आणि सरपण आणायला जायचा. अशी अकरा वर्षं गेली.

त्याला खोकला येत नव्हता असं नाही. शनिवारी साउनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, तापल्या दगडांवर पाणी ओतलं की तो खोकायचा. "वाफ जरा जास्त झाली," म्हणायचा, आणि राइली पुढचं पाणी बेताने ओतायची. दर तीन वर्षांनी नळीत फुंकायची तपासणी असे. तीत तो जीव खाऊन फुंकायचा आणि काठावर का होईना, पास व्हायचा. साऱ्या गावाच्या छात्यांची चौकशी करणारी ही बाई आपल्या नवऱ्याच्या खोकल्याला वाफ समजून बसली. तिचा राग येतो, आणि राग आला की लगेच लाजही वाटते, कारण आपण सगळे घरात असेच आंधळे असतो.

गेल्या ऑक्टोबरात सरपण रचता रचता आहती ओंडक्यावर बसला तो उठेचना. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं आखडली आहेत. पुडीने, की तरुणपणीच्या सिगारेटींनी, की दोन्हींनी मिळून, ते आता सांगता येणार नाही. उन्हाळा बघेल कदाचित. "काही वर्षं आधी आला असता तर..." असं म्हणून ते थांबले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

ते वाक्य राइली घरी घेऊन आली. आहतीला राय धान्याची भाकरी सुपात भिजवून भरवताना, त्याच्या नाकातली ऑक्सिजनची नळी नीट करताना, तिला दुसरं काही सुचेना. आपण लिहिलं 'नाही'. एकदा नाही, अकरा वेळा. आपल्याच हाताने आपण याला मारलं का? एवढंच तिला कळायला हवं होतं. मार्चमध्ये एका सकाळी तिने शेजारणीला आहतीजवळ बसवलं आणि बर्फातून दवाखाना गाठला.

तिथे आता डॉक्टर मार्गित सगळं बघत होती. राइलीच्या हाताखाली नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला शिकलेली ही पोरगी आता चाळिशीची, केसांत पांढरी बट आलेली. पंचवीस वर्षांचा अहवाल महिन्याभरात छापायला जायचा होता.

राइलीने कोटसुद्धा काढला नाही. "मार्गित, आहतीचे फॉर्म मी भरत होते. अकरा वर्षं. झेरॉक्स बघून."

मार्गितने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू? अगं, पेन्सिलीने लिहिलं म्हणून तू मला दारातून परत पाठवलं होतंस."

"हो. मीच ती."

"आणखी किती घरांत असं झालं असेल?"

"बायकांना विचार. पुरुषांना विचारून काही उपयोग नाही."

मार्गितने चष्मा पुन्हा चढवला. "राइली, हे मला अहवालात लिहावं लागेल. कदाचित सगळे आकडे पुन्हा मांडावे लागतील."

"मांड. म्हणून तर आले. पण त्याआधी मला एक सांग. मी 'हो' लिहिलं असतं, तर तो वाचला असता का?"

"ते नाही सांगता येत गं. आपल्याकडे हजार माणसांचं उत्तर असतं. हजारांत इतके वाचतात, इतके नाही. एका माणसाचं उत्तर आपल्याकडे नसतं."

"माझं लग्न हजार माणसांशी नाही झालेलं!" राइली इतक्या जोरात बोलली की बाहेर नंबर लावून बसलेला गडी वाकून आत बघू लागला.

मार्गितने उठून दार लावलं. मग नियम बाजूला ठेवून, बायकोच्या परवानगीने आणि बायकोच्या देखत, आहतीचा नंबर शोधला. सहाशे बारा. सगळे जुने फॉर्म संगणकात उतरवून ठेवलेले होते. एकेक पान पडद्यावर येऊ लागलं. राइलीच्या त्याच टोकदार खुणा, वर्षामागून वर्ष. दोन हजार बारा साल झालं. दोन हजार तेराशी मार्गितचा हात थांबला.

"या वर्षी दोन आहेत," ती म्हणाली.

"दोन कसे असतील?"

"एक घरून आलेला. दुसरा कारखान्याच्या कँटीनमधून. तिथे कोरे ठेवायचो ना आपण, ज्यांचे हरवले त्यांच्यासाठी. हा अपूर्ण म्हणून बाजूला काढलेला आहे."

अपूर्णांची पेटी राइलीचीच होती. खरा नियम असा होता, की एका नंबराचे दोन फॉर्म आले तर फोन करून कोणता खरा ते विचारायचं. राइलीने सुरुवातीची काही वर्षं फोन केले. गडी फोनवर नुसता "हं" म्हणायचा. ते 'हं' होकाराचं की नकाराचं, हे कळायला समोर त्याची बायको लागायची. शेवटी राइलीने हात टेकले आणि स्वतःच एक पद्धत पाडली. पूर्ण भरलेला ठेवायचा, अर्धवट बाजूला. कुणी हरकत घेतली नाही. त्या वर्षी असे साठेक जोड आले होते आणि तिने ते एका दुपारी उरकले होते. मधली पानं कोरी दिसली की शिक्का, पुढचा. नंबराकडे बघायचंच नाही, हे तर तिच्या अंगवळणी पडलेलं.

मार्गितने पडदा तिच्याकडे फिरवला.

पहिलं पान आहतीच्या हातचं होतं. दुकानाच्या पाटीवर लिहितात तशी मोठी, सुटी अक्षरं. सकाळी खोकला: हो. कफ: हो. जिना: हो. किती काळ: दोन वर्षं. कॉफीपासून पुढची सगळी पानं कोरी. मधल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात 'अपूर्ण' असा शिक्का, आणि खाली राइलीची छोटी सही. शेवटच्या पानावर, 'आणखी काही सांगायचं आहे का' या प्रश्नाखाली, त्याने लिहिलं होतं: 'घरी फोन नको. कामावर करा. बायको घाबरेल.'

ते शेवटचं पान राइलीने त्या दुपारी उलटलंच नव्हतं.

मार्गित तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली, की पद्धत सगळ्यांनी मान्य केली होती, दोष एकटीचा नाही. राइलीला ते ऐकू आलं, पण आत शिरलं नाही. ती उठली आणि चालू लागली. ज्या रस्त्यावरून एकोणतीस वर्षं ती डोळे मिटून जायची, त्या रस्त्यावर ती दोनदा चुकली.

आहती खिडकीपाशी आरामखुर्चीत होता. नळीचा बारीक सूं सूं आवाज चालू होता. शेजारीण गेल्यावर राइली कोटासकट त्याच्यासमोर स्टुलावर बसली.

"म्हाताऱ्या, तू एकदा कँटीनमध्ये फॉर्म भरला होतास?"

त्याने बराच वेळ आठवल्यासारखं केलं. बोलायला त्याला आता वाक्याची फोड करावी लागे. "भरला होता. एकदा."

"मला का नाही सांगितलंस रे?"

"तू घाबरली असतीस." थोडा श्वास. "आधी नक्की कळू दे, मग सांगू म्हटलं."

"आणि मग?"

"मग काय. फोनची वाट बघितली. जेवणाच्या सुट्टीत फोनजवळची खुर्ची धरायचो. पोरं चेष्टा करायची. म्हणायची, आहतीला कुणीतरी भेटलीय." तो हसायला गेला आणि खोकला. तिने पाणी दिलं. "मे महिन्यापर्यंत बसलो. फोन आला नाही. म्हटलं, त्यांनी बघितलं असणार. काही नसणार. तुझ्या दवाखान्याचं काम चोख, हे मला माहीत होतं. म्हणून मग सोडून दिलं."

राइलीला वाटलं, सांगू नये. उरलेत किती दिवस, कशाला सांगायचं. पण आयुष्यभर तिने त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं आणि आता लपवायला अंगात बळही नव्हतं.

"आहती, तो फोन मी करायचा होता. तुझा फॉर्म माझ्या हातात आला होता. मी तो बाजूला टाकला. अर्धवट आहे म्हणून. मागचं पान बघितलं नाही."

खिडकीबाहेर छपरावरून वितळलेलं पाणी ठिबकत होतं. आहतीने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. एवढी गप्प वर्षं त्याच्याबरोबर काढली, पण आताचं हे गप्प बसणं राइलीला सोसवेना.

"तू असतीस फोनवर," तो शेवटी म्हणाला, "तर मी काहीच होत नाही, असंच सांगितलं असतं. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

तो खोटं बोलत होता. पाच महिने रोज फोनजवळची खुर्ची धरून बसलेला माणूस, फोन आल्यावर काहीच होत नाही असं सांगत नाही. हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही. उरलेल्या श्वासांतले एवढे श्वास त्याने तिच्यासाठी त्या खोट्यावर घालवले, आणि राइली त्याच्या गुडघ्यांवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली.