धुळ्याला न वाजवलेली शिट्टी

बास्केटबॉलच्या पंचाला कोर्टवर फारसं बोलावं लागत नाही. शिट्टी आणि दोन हात, एवढ्यावर भागतं. माझ्यासारख्या अबोल माणसाला ते मानवलं. जळगावच्या एका शाळेत खेळ शिकवता शिकवता मी पंच झालो आणि सुट्टीचे बरेच दिवस या नाहीतर त्या गावच्या कोर्टवर काढले. त्यातल्या एका सामन्याचा विषय मी बारा-तेरा वर्षं कुणापाशी काढला नाही. घरी बायकोपाशीसुद्धा नाही. शेवटी तो ज्या बाईंमुळे बोलून टाकता आला त्यांचे आभार मानावेत, एवढ्यासाठी हे लिहायला घेतलंय. पण आभार कशाचे, हे कळायचं तर आधी मी काय केलं ते सांगितलं पाहिजे.

धुळ्याला शाळकरी मुलींच्या स्पर्धेचा शेवटचा सामना होता. जिंकेल तो संघ नाशिकला पुढच्या फेरीला जाणार. एका बाजूला धुळे शहरातली शाळा. त्यांचे बूटसुद्धा एका रंगाचे. दुसऱ्या बाजूला साक्रीकडच्या एका खेड्यातल्या शाळेचा संघ. त्या मुली पहिल्यांदाच एवढ्या पुढे आल्या होत्या. शाळेत कोर्ट नव्हतं. मास्तरांनी बाभळीच्या खांबाला रिंग ठोकून, शेणाने सारवलेल्या अंगणात शिकवलेलं, असं त्यांनीच सकाळी चहा पिताना सांगितलं होतं. सारवलेल्या जमिनीवर चेंडू नीट उसळत नाही, म्हणून या मुली चेंडू आपटत कमी आणि एकमेकींना देत जास्त. बघायला फार छान वाटायचं.

आम्ही दोघे पंच. माझा जोडीदार पुण्याकडचा, माझ्याहून वरच्या दर्जाचा. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एकत्र जेवलो. शेवभाजी खाता खाता त्याने विचारलं, या मुली आपसात जे बोलतात ते तुला कळतं का? मी म्हणालो, फारसं नाही, मी जळगाव शहरातला.

हे खोटं होतं. माझा जन्म साक्री तालुक्यातला. आई आजही माझ्याशी अहिराणीतच बोलते. पण पंचांच्या पहिल्या परीक्षेच्या वेळी माझ्या तोंडून एकदा 'आहे'ऐवजी 'शे' निघून गेला होता आणि परीक्षक हसले होते. नंतर दोन दिवस सगळे मला 'काय शे?' म्हणून हाक मारायचे. चेष्टाच होती, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मी मात्र तेव्हापासून बोली घरी ठेवून बाहेर पडायला शिकलो. इतका, की कुणी विचारलं तर गावसुद्धा बदलून सांगायचो.

सामन्याचे शेवटचे काही सेकंद उरले होते. साक्रीकडच्या मुली दोन गुणांनी मागे. त्यांच्या एका मुलीला धक्का लागला आणि तिला दोन फ्री थ्रो मिळाले. सडपातळ, सोळा वर्षांची असेल. ती रेषेवर आली. जोडीदार रिंगखाली, चेंडू देणारा तो. मी बाजूला, रेषेच्या पातळीत. माझ्या आणि तिच्या मध्ये शहरातल्या शाळेची कप्तान उभी.

या मुलीची एक सवय होती. फेकण्याआधी ती चेंडू या तळव्यातून त्या तळव्यात असा थापटायची. तिने पहिला टाकला, गेला. आता एकाच गुणाचा फरक. दुसरा चेंडू हातात आला, तिने पुन्हा थापटायला सुरुवात केली आणि कप्तान तोंड न हलवल्यासारखं करून म्हणाली,

"काय वं बाई, कयन्यानी भाकर थापी राह्यनी का?"

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापतेस का, असं. तिचे हात हुबेहूब तसेच चालले होते. माझी आई म्हणाली असती तर अगदी असंच म्हणाली असती. मला हसू आलं. मोठं नाही, ओठांच्या कोपऱ्यात. रेषेवरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग चेंडूकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. रिंगखाली माझा जोडीदार हाताने सेकंद मोजत होता. पाच सेकंदांच्या आत फेकायचं असतं. तिने फेकला. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून बाहेर आला, शहरातल्या मुलींनी तो पकडला आणि वेळ संपली.

आता नियम सांगतो, म्हणजे माझी चूक किती सरळ होती ते कळेल. फेकणाऱ्या खेळाडूचं लक्ष प्रतिस्पर्ध्याने विचलित करायचं नाही. टाळी वाजवून नाही, पाय आपटून नाही, बोलून नाही. प्रेक्षकांनी हवी तेवढी बोंब मारावी, तिथे पंच काही करू शकत नाही. पण कोर्टवरच्या खेळाडूने गप्प राहायचं. कुणी बोललंच, तर पंचाने चेंडू कुठे जातो ते आधी पाहायचं. चेंडू आत गेला तर गुण द्यायचा आणि झालं ते सोडून द्यायचं. बाहेर गेला तर तिला आणखी एकदा फेकू द्यायचं. एवढंच. कुणाला शिक्षा नाही, कुणाला बाहेर काढणं नाही. मी फक्त शिट्टी वाजवून एक बोट वर करायचं होतं.

तिने पुन्हा एकदा चेंडू फेकला असता. गेला असता तर बरोबरी होऊन जादा वेळ खेळल्या असत्या. जिंकल्याच असत्या असं मी म्हणत नाही.

जोडीदाराने कप्तानचे ओठ हललेले पाहिले होते. तो माझ्याजवळ आला आणि विचारलं, "ती काय बोलली?"

तेव्हाही वेळ गेली नव्हती. पण त्याला सांगायचं म्हणजे टेबलापाशी, दोन्ही संघांच्या शिक्षकांसमोर ते वाक्य अहिराणीत म्हणून दाखवायचं. ज्याला काल मी म्हणालो होतो की मला कळत नाही, त्यालाच.

"काही नाही," मी म्हणालो. "आपल्या मुलींना धीर देत होती."

त्याने मान हलवली. आम्ही गुणपत्रकावर सह्या केल्या. साक्रीकडचे मास्तर माझ्याशी हात मिळवून म्हणाले, भाऊ, पोरींना आज खूप शिकायला मिळालं. मी त्यांचे डोळे टाळले आणि जळगावची बस पकडली.

पुढे मी पंच म्हणून बरा गणला जाऊ लागलो. लोक मला वर्गात शिकवायला बोलवू लागले. बाकी सगळे नियम मी उदाहरणं देऊन शिकवायचो. या एका नियमाला आलो की पुस्तकातलं वाक्य वाचायचो आणि पान उलटायचो.

गेल्या हिवाळ्यात जळगावला नव्या पंचांसाठी तीन दिवसांचा वर्ग होता. पस्तीसेक क्रीडाशिक्षक आले होते. पहिल्या दिवशी ओळखी करून देताना एक बाई उठल्या. म्हणाल्या, माहेर साक्रीकडचं, सासर बोदवडचं, तिथेच शाळेत खेळ शिकवते. बोलता बोलता त्यांनी हातातलं पेन या तळव्यातून त्या तळव्यात थापटलं. मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

दीड दिवस मी त्यांच्या बाकाकडे न पाहता शिकवलं. त्या मात्र सगळं टिपून घेत होत्या, शंका विचारत होत्या, त्याही नेमक्या. मला ओळखल्याचं एका शब्दानेही दाखवलं नाही. मी स्वतःला समजावलं की त्यांना आठवत नसेल. एवढं घर, संसार, नोकरी, कोण लक्षात ठेवतं. आणि वर्गाअखेरच्या परीक्षेला त्या बसणार, गुण देणारा मी. आता काही बोललो तर त्यांनाच अवघड होईल. न बोलायला कारणं शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे मांडवात गेले. त्या कोर्टच्या पायरीवर एकट्या डबा उघडून बसल्या होत्या. मी जाऊन एक पायरी सोडून बसलो. त्यांनी डबा पुढे केला, मी नको म्हणालो. मग सगळं एका दमात सांगितलं. मला अहिराणी येते, कप्तान काय बोलली ते कळलं होतं, जोडीदाराने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. का बोललो तेही सांगितलं. कारण सांगताना ते इतकं क्षुल्लक वाटलं की वाटलं, काहीतरी मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी घास संपवला.

"सर, तुम्ही हसनात," त्या म्हणाल्या. "मी दखं."

मी हसलो ते त्यांनी पाहिलं होतं.

मग त्या सांगत गेल्या, सावकाश, मध्ये भाजीला हात लावत. कप्तानच्या बोलण्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. गावात नदीवर, शेतात बाया असंच बोलतात. त्यांनाही हसू येत होतं, ते दाबलं. पण माझ्याकडे पाहिलं तर मी हसत होतो. म्हणजे पंचांना कळलं, आपल्याकडचेच दिसतात, आता शिट्टी वाजेल. त्या शिट्टीची वाट पाहत थांबल्या. रिंगखालच्या पंचांचा हात मोजत होता, आणि वेळ संपत आली तसा घाईत चेंडू सोडून दिला.

इतकी वर्षं मला वाटत होतं की टोमण्याने तिचा हात हलला आणि मी तो टोमणा झाकला. खरं म्हणजे तिने माझ्यावर भरवसा ठेवला, म्हणून तिचा हात हलला.

मी विचारलं, "माझ्यावर राग नाही?"

"व्हता ना. दोन वरीस तरी व्हता." मग त्या आमच्या वर्गातल्या मराठीत आल्या. "आता पोरींना शिकवताना मी सांगते, शिट्टीची वाट पाहायची नाही, आपला चेंडू आपण टाकायचा. हे मी त्या दिवशी शिकले. पण सर, पोरींनी असं शिकावं हे काही बरोबर नाही ना?"

नाही, म्हणालो. काय करू, तेही विचारलं. माफ करा म्हणायला जीभ रेटत नव्हती, आणि त्यांना ते नकोच होतं असं वाटलं. त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, उद्या हा नियम आहे. तुम्ही तो फक्त वाचून दाखवता, हे मागच्या वर्गाला आलेल्यांनी सांगितलं. उद्या हा सामना सांगा. कुणाची नावं नकोत. पण कप्तान बोलली ते आपल्या बोलीतच सांगा, आणि तुम्ही हसलात तेही सांगा. "इथं बसलेल्यांत निम्मे तरी हसतील, सर. त्यांना आत्ताच कळू द्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक टेबलावर ठेवलं. सांगितलं सगळं. कळण्याच्या भाकरीचं वाक्य आलं तेव्हा वर्ग खळखळून हसला. मीही थांबलो नाही, पुढे सांगितलं: मीही असाच हसलो, आणि रेषेवरची मुलगी मला पाहत होती. मग कुणी हसलं नाही.

नशिराबादकडचे एक शिक्षक हात वर करून म्हणाले, "सर, पण यात शिवी कुठे आहे? ही तर गंमत झाली."

मी उत्तर द्यायच्या आधी मागच्या बाकावरून बोदवडच्या बाई म्हणाल्या, "नियमात शिवी म्हटलंच नाही, भाऊ. लक्ष विचलित झालं का, एवढंच आहे. गमतीने तर जास्त होतं."

त्यावरून अर्धा तास वाद चालला. खेळाडूंच्या बोलीतलं कळलंच नाही तर काय, जोडीदाराला कळलं तर त्याने काय करावं, दुसऱ्या जिल्ह्याच्या पंचाने कुणाला विचारावं. खान्देशच्या पूर्वेकडची बोली वेगळी, पश्चिमेची वेगळी, पार डोंगरातली आणखी वेगळी. प्रत्येकाकडे आपला एक किस्सा निघाला. दोघातिघांनी कबूल केलं की आपणही असंच ऐकून न ऐकल्यासारखं केलंय. मी खडू हातात घेऊन फळ्यापाशी नुसता उभा होतो. इतकी वर्षं शिकवतोय, पण वर्ग असा बोलताना मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या बाई परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. त्यांचा पेपर मी दुसऱ्या परीक्षकाकडे दिला आणि का ते त्याला सांगितलंही. आता त्यांच्या भागातल्या सामन्यांना त्या पंच म्हणून उभ्या राहतात. कधी फोन करतात, एखादा निर्णय बरोबर होता का म्हणून. दोनदा त्यांचं बरोबर निघालं आणि माझं चूक.

त्यांनी मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. विचारायची गरजही उरली नाही. त्यांनी मला एक काम दिलं आणि ते काम मला करता येतं. गेल्या महिन्यात आईला भेटायला गेलो होतो. तिला हा सगळा सामना सांगितला, तिच्याच बोलीत, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत तिला तो पोचला नसता. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, ती पोर आता नीट शे ना?

शे, म्हणालो. चांगली शे.