वाळवणाच्या राखणीला कादंबरी

माझं वाचन उन्हाळ्यातच होतं. एरवी रान, गुरं, स्वयंपाक. चैत्र-वैशाखात मात्र वस्तीवर वाळवणं पडतात, आणि वाळवणाला राखण लागते. पिंपरी पेंढारच्या उन्हात दुपारी अंगणात बसायला कोणी तयार नसतं. मी असते. चिंचेखाली पोतं टाकायचं, हाताशी काठी ठेवायची आणि कादंबरी उघडायची. हळूहळू शेजारणीही आपले पापड, सांडगे आमच्याच अंगणात आणून घालू लागल्या. "तू बसलेलीच असतीस," म्हणायच्या. मला चार माणसांत बोलायला जमत नाही. पण मनात खूश असायचे, कारण राखणीला बसलेल्या बाईला कोणी दुसऱ्या कामाला उठवत नाही.

शाळा चौथीपर्यंत झाली. तेवढी पुरली. सुरुवातीला ओळीखाली बोट धरून वाचायचे, आता बोट लागत नाही. पुस्तकं जुन्नरच्या वाचनालयातून आणते. बाजारच्या दिवशी एसटीने जायचं आणि भाजी-किराण्याच्या आधी पुस्तक बदलून घ्यायचं. तिथल्या बाई आधी मला राजे-महाराजांची जाड पुस्तकं द्यायच्या. मी दोनदा नेली. तिसऱ्यांदा धीर करून म्हणाले, "आत्ताच्या माणसांची द्या. लग्नाची, सासरची, प्रेमाची." त्या हसल्या, पण मला वेगळ्या कपाटापाशी घेऊन गेल्या. ते कपाट आता मी संपवत आणलं आहे.

असली पुस्तकं हलकी असतात म्हणे. मला तसं वाटत नाही. दोन भावांनी घर वाटून घेतल्यावर आईने कोणाच्या चुलीवर जेवायचं, हा प्रश्न हलका नाही. चाळिशीतल्या बाईला कोणी आवडलं तर तिने आपल्या मुलीला ते कसं सांगायचं, हाही नाही. पुस्तकातल्या बायका रडू आलं की कॉफी करून खिडकीशी बसतात, ते मला खोटं वाटतं. आमच्याकडे रडू आलं की बाई घासलेली भांडी पुन्हा घासते. पण रडू का आलं, ते मात्र लिहिणाऱ्यांना बरोबर कळलेलं असतं.

गेल्या वैशाखातली गोष्ट. शेजारच्या चुलत जावेच्या मुलीचं लग्न रविवारवर आलं होतं. जाऊ वयाने मोठी, तिला मी अक्का म्हणते. लग्नाआधीच्या सोमवारी सकाळी तिने रुखवताच्या कुरडया आमच्या अंगणात साडीवर घातल्या. मुलाकडच्या बायकांसमोर मांडायच्या म्हणून एकेक कुरडई ताटलीएवढी, गुलाबी आणि हिरवी. "नीट बघ गं," एवढंच म्हणून ती पत्रिका वाटायला गेली.

माझ्या हातात कोल्हापुरातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईवरची कादंबरी होती. नवऱ्याने तिला सोडलेलं. आता त्याचीच आजारी आई तिच्या दारात येऊन राहिली होती, कारण मुलगा विचारत नव्हता. आणि त्याच वेळी एका मास्तरने तिला लग्नाचं विचारलं होतं. तो दुकानाच्या पायरीवर उत्तराची वाट बघत बसला, ती कात्री हातात घेऊन उभी राहिली, आणि मी मान वर केली तेव्हा आमची शेळी दावं तोडून साडीच्या मधोमध उभी होती. निम्म्याच्या वर कुरडया गेल्या होत्या. उरलेल्या तुडवलेल्या.

मी शेळी बांधली, साडी गोळा केली. तेवढ्यात अक्का आलीच. मी तोंड उघडायच्या आत तिने तुडवलेल्या कुरडया बघितल्या. उन्हाळा संपत आला की कोकणात गेलेले मेंढपाळ माळशेज चढून परत येतात. त्या दिवशीही एक कळप रस्त्याने येऊन शेजारच्या पडीक रानात उतरला होता. अक्का तरातरा तिकडे निघाली. मी मागे.

"तुमच्या शेळ्यांनी माझ्या पोरीचं रुखवत खाल्लं!" अक्काने लांबूनच सुरुवात केली.

मेंढपाळ बाई चुलीपुढे भाकरी थापत होती. उठलीही नाही. "आमची जनावरं वाघराच्या जाळीत हाईत, बाई. मोजा वाटलं तर."

"मग कुरडया काय उडून गेल्या व्हय?"

"ते तुमी राखणीला बसलेल्याला इचारा."

मी तिथेच उभी होते. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. ते लोक दुसऱ्या दिवशी पुढे जाणार होते. खरं सांगितलं तर दुपारचं वाचन जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. अंगणातली ती दुपार गेली की माझ्याकडे वाचायला दुसरा वेळ नव्हता. पण ती बाई खाली मान घालून पुन्हा भाकरी थापायला लागली, आणि मला राहवलं नाही.

"अक्का, शेळी आपली व्हती," मी म्हणाले. "मी पुस्तक वाचत व्हते. मला दिसली न्हाई."

माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. मेंढपाळ बाई हसली. "पुस्तक? आगं बया!"

अक्का मात्र हसली नाही. वाटेत म्हणाली, "चार बुकं शिकली आन् माझ्या पोरीची कुरडई घालवली. परत अंगनात पुस्तक दिसू दे, मग बघ."

त्याच संध्याकाळी मी आमच्या घरचे गहू निवडून भिजत घातले. कुरडईला गहू तीन दिवस भिजावे लागतात, रोज पाणी बदलावं लागतं. गुरुवारी वाटून, गाळून चीक रात्रभर निवळत ठेवला. पुस्तक कपड्यांच्या पेटीत होतं. मी चुकले होते, ते कबूलही केलं होतं. पण वाचणं ही चूक नव्हती, हे मला त्या तीन दिवसांतही पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी उजाडायला मी, अक्का आणि नवरी मुलगी चीक शिजवायला बसलो. अक्का माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मुलीनेच विचारलं, "काकू, आसं काय व्हतं गं त्या पुस्तकात? एवढी शेळी दिसंना तुला?"

मी चीक हाटत हाटत सांगितलं. शिवणाची बाई, सोडलेला नवरा, त्याची आई, पायरीवरचा मास्तर.

"सोडलेल्या नवऱ्याची आई सांभाळती?" अक्का मध्येच म्हणाली. "येडी हाय का ती?"

"म्हातारीला कुनी न्हाई ना, आये."

"मग? मास्तरला काय सांगितलं तिनं?" हे अक्कानेच विचारलं.

"तिथंच शेळी आली," मी म्हणाले.

मुलगी पदर तोंडाला लावून हसायला लागली. अक्काने सोऱ्या खाली ठेवला. "म्हंजी तुला म्होरचं म्हाईतच न्हाई? चार दिस झालं की!"

"तुमीच म्हनला, पुस्तक दिसू दे मग बघ."

"अंगनात म्हनलं व्हतं मी. घरात कुनी आडवलं व्हतं तुला?" असं म्हणून तिने माझ्या हातातला हाटा घेतला. "जा, आन. तू वाच, आमी दाबतो."

मोठ्याने वाचायची सवय शाळेनंतर गेलेली. पहिलं पान पुन्हा ओळीखाली बोट धरून वाचलं. दुसऱ्या पानापासून मी त्या दोघींना विसरले. शिवणाची बाई मास्तरला म्हणाली, म्हातारीला टाकून मी कुठे येणार नाही. मास्तर म्हणाला, मग मीच इथे राहायला येतो.

"हॅट!" अक्का म्हणाली. "बाप्या मानूस बायकूच्या घरी नांदतो व्हय? कायबी लिव्हत्यात."

"आला तर काय बिघडलं, आये?" मुलगी गुलाबी कुरडई पाडता पाडता म्हणाली. "मी न्हाई का चालले परक्याच्या घरी?"

सोऱ्या अर्ध्यातच थांबला. अक्का मुलीकडे बघत राहिली. परवा तिची लेक जाणार होती. मीही पानावर बोट ठेवून थांबले.

मग अक्काने हाताच्या पाठीने नाक पुसलं आणि माझ्यावर ओरडली, "थांबलीस का गं? वाच की म्होरं!"