उजवा पाय पुढे

मी डावखुरी आहे. नळदुर्गजवळच्या आमच्या गावात जेवताना डावा हात ताटाकडे गेला की वडील नुसतं बघायचे आणि मी हात बदलायचे. लिहायलाही उजव्यानेच शिकले. त्यासाठी मारहाण झाली नाही. सवय मोडली, असं सगळे धरून चालले.

धाराशिवला कॉलेजात आल्यावर मैत्रिणीच्या सोबतीने बॉक्सिंगला जाऊ लागले. ती आठवड्यात सोडून गेली, मी राहिले. सर सगळ्यांना एकच उभं राहणं शिकवायचे: डावा पाय आणि डावा हात पुढे, उजवा हात मागे, हनुवटीपाशी. सहा-सात महिने मी तशीच खेळले. वाईट नव्हते, चांगलीही नव्हते.

एकदा सरावात माझा डावा ठोसा जरा जोरात बसला. सरांनी हातातलं पॅड काढून तळहात चोळला.

"घरी झाडू कोणत्या हातानं मारतीस?"

"डाव्या. कोणी बघत नसलं की."

"मग इतके दिवस सांगितलं का न्हाय?"

"तुम्ही विचारलं नाही, सर."

"पाय बदल," ते म्हणाले.

पहिले चार दिवस पायात पाय अडकत होते. नंतर जमलं. उजवा पाय पुढे, उजवा हात पुढे, आणि डावा मागे राखून ठेवलेला. समोरच्या मुलींना असं उलटं उभं राहणारं कोणी भेटलेलंच नसायचं. माझा डावा कुठून येतो ते त्यांना उशिरा कळायचं. मी जिंकू लागले. त्यात माझं कसब किती आणि त्यांची अडचण किती, हा विचार तेव्हा केला नाही.

विद्यापीठाच्या संघाच्या निवड चाचणीला वडील एसटीने आले. लढतीआधी माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "डावा हात मागं ठेवायला सांगितलाय व्हय सरांनी?" त्यांना ते बरं वाटलेलं दिसलं.

"जो जास्त जोरात लागतो तो मागं ठेवतात, अण्णा."

"असं व्हय," म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

शेजारच्या जिल्ह्यातली मुलगी समोर आली. घंटा झाली आणि तिनंही उजवा पाय पुढे टाकला. मी अशा कोणाशी कधी खेळलेच नव्हते. माझा डावा जिथे जाऊन लागायचा तिथे तिचं डोकंच नसायचं, आणि तिचा पुढचा हात सरळ माझ्या नाकावर येत होता. तिन्ही फेऱ्या तिच्याच झाल्या.

नंतर बाकावर बसून आम्ही हाताच्या पट्ट्या सोडत होतो. मी विचारलं, "तू पण डावखुरी का?"

"न्हाय गं. मी उजवीच. आमच्या मॅडमनी आम्हा चौघींना मुद्दाम असं उभं केलंय, समोरचीला अवघड जातं म्हणून. सरावात आम्ही एकमेकींशीच खेळतो."

मला राग आला नाही. फक्त पट्टी गुंडाळायची राहून गेली आणि ती म्हणाली, "दे इकडं, मी गुंडाळते."

स्टँडवर वडिलांनी चहा घेतला. "ती पोरगी तुझ्यासारखीच उभी ऱ्हात होती," ते म्हणाले.

"हो."

"मग तिला कसं जमलं?"

"तिनं माझ्यासारख्यांशी सराव केलाय. मी नाही केला."

"मग करावा लागंल की," म्हणाले आणि गाडी लागली म्हणून उठले.

सरांना मी तेच सांगितलं. ते म्हणाले, "हे माझ्याच ध्यानात आलं न्हाय." दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः उजवा पाय पुढे टाकून माझ्यासमोर उभे राहू लागले. पन्नाशीतल्या माणसाला ते जड जात होतं. एकदा तोल जाऊन ते दोरीवर आदळले, सगळ्या मुली हसल्या, तेही हसले. वर्षभर त्यांनी ते सोडलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच चाचणीत तीच मुलगी उपांत्य फेरीत भेटली. पहिली फेरी तिची, दुसरी माझी. तिसरीत दोघीही दमलो होतो. पंचांनी माझा हात वर केला. फरक थोडाच होता. अंतिम फेरीत मी हरले, डावा पाय पुढे टाकणाऱ्या एका उंच मुलीकडून, आणि त्याला माझ्याकडे सांगण्यासारखं काही कारण नव्हतं.