सरकलेल्या लाल रेघा

मरुदु मामा तोंडात टॉर्च धरून जमिनीवर आडवा झाला होता आणि माझ्या बाइकच्या पुढच्या ब्रेकच्या बोल्टकडे बघत होता. बघतच होता. मी बाहेर चहाचे ग्लास विसळत होते. शेवटी त्यानं टॉर्च काढली आणि हळूच विचारलं, "कण्णू, गाडीला हात लावलास?"

मी नव्हता लावला. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असतं. मामा घरी जाऊन जेवतो, झोपतो. शटरची किल्ली त्याच्या कमरेला. मी तोवर गांधीपुरमहून पार्ट घेऊन गावभर पोचवत असते. त्या दिवशी शटर त्यानंच उघडलं होतं, माझ्यासमोर.

मी वाकून बघितलं. बोल्ट आवळून झाला की मामा त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढतो. बोल्ट केसभर जरी हलला तरी रेघ तुटते आणि लांबून दिसतं. सकाळी रेघा ओढल्या तेव्हा बाटली मीच धरली होती. आता त्या तुटल्या होत्या. बोल्टच्या डोक्यावरचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा पुढं सरकला होता. ब्रेकचे दोन्ही बोल्ट, चाकाच्या दांड्याचा नट, हँडलचे चारही, सगळे सारखेच सरकलेले.

आणि सगळे आवळायच्या बाजूला.

बोल्ट सैल होतो हे समजतं. गाडी थरथरते, खड्डे लागतात, होतो सैल. पण उभ्या गाडीचा बोल्ट आपोआप घट्ट होत नाही. मामानं टॉर्क पाना लावला. ठरलेला जोर आला की हा पाना कट् वाजतो. लावल्या लावल्या कट्. म्हणजे घट्ट तर होताच, पण किती जास्त, ते पाना सांगत नाही. ॲल्युमिनियममध्ये जास्त आवळलं तर आटे उडतात, मग बोल्ट दिसायला जागेवर आणि धरायला काहीच नाही. मामानं सगळे बोल्ट ढिले केले, जुन्या रेघा थिनरनं पुसल्या, कट् वाजेपर्यंत पुन्हा आवळले, नव्या रेघा ओढल्या. दुकानातला काळा कुत्रा, करुप्पन, मागच्या भिंतीतल्या बंद दाराकडे तोंड करून शेपूट हलवत होता. तिथं कोणी नव्हतं.

मरुदाचलम त्याचं पूर्ण नाव. कोईमतूरला गाडी पळवणाऱ्या कुणालाही विचारा. ट्रॅकवरून आत आलं की हा आधी टायरवर तळवा फिरवायचा, मग तोंडाकडे न बघता म्हणायचा, "तिसऱ्या वळणाला घाबरलीस." आणि घाबरलेले असायचेच. मी नववीत शाळा सोडून त्याच्याकडे गेले तेव्हा त्यानं का सोडलीस ते विचारलं नाही. तेलाचा ट्रे पुढं सरकवला. त्याच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी अजून भांडते, एकदोनदा हातही उचललाय, त्याची मला लाज नाही.

वाकडं बोलायला लोकांना कारण मिळालं होतं. दुकान दोघांचं होतं. दुसरा आरुच्चामी, मामाच्या सख्ख्या बहिणीचा, राजामणीचा नवरा; तिला मी अत्तै म्हणते, म्हणजे आत्या. मामा जोडायचा, आरु मामा चालवून बघायचा. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी आरु मामा एक गाडी घेऊन अविनाशी रोडला गेला आणि पुढच्या ब्रेकचा बोल्ट निघाला. ब्रेक लोंबकळत चाकात गेला. तो जागेवर गेला. बोल्ट आवळला होता मरुदु मामानं, हातानं, अंदाजानं, तेव्हा तो तसंच करायचा. मधेच एक फोन आला होता. फोननंतर तो बोल्ट पुरता आवळला की नाही, हे त्याला आठवत नाही. अजूनही आठवत नाही. पोलिसांनी कागद केले, मिटलं. राजामणी अत्तैनं मिटवलं नाही. नवऱ्याच्या प्रेतापाशी बसून तिनं भावाला सांगितलं की या जन्मात तुझ्याशी बोलणार नाही. तिचं घर दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून आहे, मधे एक दार आहे. त्या दिवसापासून तिकडून कडी. गल्लीत रेसची गाडी वाजली तर ती रस्ता ओलांडून पलीकडे जाते.

त्यानंतर तीन वर्षं मामानं स्कूटरचं तेल बदलण्यापलीकडे काही केलं नाही. मग मी जुनी तीनशे सीसीची स्पोर्ट गाडी घेतली. आठवडाभर कामाला आणि रविवारी चेट्टिपाळयमच्या ट्रॅकवर, अशी एकच गाडी मला हवी होती. मी ती पेठेतल्या दुसऱ्या गॅरेजला देते म्हटलं, मुद्दाम. मामा म्हणाला, "तो गाढव तुला मारेल." मग जरा थांबून, "मारायचंच तर मी आहे की." आम्ही दोघंही हसलो नाही.

काम सुरू केलं विजयादशमीला. आदल्या दिवशी आयुधपूजा, हत्यारांना चंदन-कुंकू लावून पूजेत मांडायची आणि दिवसभर कोणी शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहिलं काम घरातल्या थोरल्याच्या हत्यारानं करायचं, तो नसला तरी. मामानं आरु मामाच्या फोटोखालच्या खिळ्याला लटकलेला त्याचा टॉर्क पाना काढला. तीन वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता. मामा मला म्हणाला, माझ्या हातावर माझा विश्वास नाही, यापुढं आरुचा पाना सांगेल तेवढंच आवळायचं. आणि त्यानं तसंच केलं. आरसे आणि इंडिकेटर सहज निघतील असे बसवले. ब्रेकचं जुनं तेल काढून नवं भरलं. पुढच्या चेनचक्राचा एक दात कमी केला, म्हणजे वळणातून गाडी लवकर उसळते. रविवारसाठी रेडिएटरमधलं हिरवं पाणी काढून साधं भरलं, कारण हिरवं ट्रॅकवर सांडलं तर मागचा घसरून मरतो. तेलाच्या बोल्टाला तार पिळून बांधली. आणि प्रत्येक बोल्ट, कट्. प्रत्येक बोल्टवर लाल रेघ.

रेघा पहिल्यांदा तुटल्या तो बुधवार. रविवारी माझी शर्यत.

गुरुवारी मी पार्ट पोचवायला गेलेच नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर एक ते साडेतीन बसून राहिले, शटरवर डोळा ठेवून. गल्लीत त्या वेळी चिटपाखरू नसतं. लाइट गेलेली, पंखे बंद, ढग दाटलेले, घामानं मान चिकटत होती. सव्वादोनच्या सुमारास शटरच्या आतून आवाज आला. धातूवर धातू टेकल्याचा, हलका. मग थांबला. मग पुन्हा. मी उठून शटरला कान लावला. आत कोणीतरी श्वास घेत होतं. नाकातून, जोर लावताना घेतात तसा. मी शटर वाजवलं नाही. खोटं कशाला सांगू, मला वाजवायची हिंमत झाली नाही.

साडेतीनला मामानं उघडलं. आत कोणी नाही. रेघा तुटलेल्या. तेवढ्याच.

मी त्याला आवाजाचं सांगितलं. तो आरु मामाच्या फोटोकडे बघत उभा राहिला. मग त्यानं पुन्हा सगळं ढिलं केलं, पुसलं, कट् वाजेपर्यंत आवळलं, रेघा ओढल्या. रेघा वाकड्या आल्या. शुक्रवारी त्यानं जाताना गाडीसमोर एक ग्लासभर चहा ठेवला, झाकण घालून. परत आलो तर ग्लास रिकामा, झाकण बाजूला नीट ठेवलेलं. रेघा तुटलेल्या.

मामा स्टुलावर बसला. म्हणाला गाडी मिळणार नाही. आरु सांगतोय की माझ्या हातातला दोष गेलेला नाही, पुन्हा तेच होणार, आणि मी तुझ्या आईला तोंड दाखवू शकणार नाही. उद्यापासून दुकानही बंद. तो हे असं बोलत होता जसं पाऊस पडेल म्हणतात, आणि मला कळलं की तो खरंच बंद करणार. या वेळी स्कूटरचं तेलसुद्धा नाही. एकदा हा माणूस त्या स्टुलावरून उठून घरी गेला की संपलं.

मला राग आला. भुताचा नाही, त्याचा.

"मामा, वैरी असता तर ढिलं केलं असतं," मी म्हटलं. "हा घट्ट करतोय. घट्ट करणारा आपलाच असतो."

त्यानं चहाचा रिकामा ग्लास उचलून आत डोकावलं.

"पाना ठेव बाजूला. साधा घे. डोळे मीट आणि पूर्वी आवळायचास तसं आवळ."

त्यानं मला दोन शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. मग उठला. सगळे बोल्ट ढिले करून आरु मामाच्या पान्यानं कट् वाजेपर्यंत आवळले, नव्या रेघा ओढल्या, फुंकर घालून सुकवल्या. मग साधा पाना घेतला आणि खरंच डोळे मिटले. त्याचा खांदा खाली गेला, मनगट जरा फिरलं, आणि जिथं थांबायचं तिथं आपसूक थांबलं. दुसरा बोल्ट. तिसरा.

मी टॉर्च मारली. प्रत्येक रेघ तुटली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. आधीसारखीच.

त्यानं डोळे उघडून बघितलं. मग मला म्हणाला, कोपऱ्यावरच्या कांदेवाल्याकडून ताणकाटा घेऊन ये. पान्याच्या मुठीला ताणकाटा अडकवला, ओढलं, काटा वाचला. जेवढ्यावर कट् वाजायला हवं होतं, त्याच्या पाचव्या हिश्शानं आधीच वाजत होतं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. आम्ही ज्याच्यावर भरवसा ठेवून सगळी गाडी बांधली तो पानाच खोटा होता. त्याच्यावर गेले असते तर पहिल्या वळणाला, दीडशेवरून ब्रेक दाबताना, ते बोल्ट कधीतरी सुटायला लागले असते. कधी, ते आरु मामाला माहीत.

"लटकून लटकून स्प्रिंग मेली असेल," मामा म्हणाला. मग फोटोकडे बघून म्हणाला, "सांगायला तीन दिवस लावलेस रे मेहुण्या."

रविवारी मी चालवली. गाडी त्यानं हातानं बांधली होती. पाचवी आले. पहिल्या वळणाला ब्रेक दाबला आणि गाडी जमिनीला चिकटून उभी राहिली. आत आले तर मामानं टायरकडे बघितलं नाही. आधी बोल्टाकडे गेला, रेघांवरून बोट फिरवलं. सगळ्या सरळ.

तेव्हापासून त्याचं दुकान भरलेलं असतं. रोज दुपारी निघताना तो गाड्यांमधे झाकलेला चहा ठेवतो, रोज ग्लास रिकामा होतो. गिऱ्हाईक विचारतात, तो सांगतो, आमचा पार्टनर पितो. चेन्नईहून येणारे हसतात. आमच्या गल्लीतले हसत नाहीत. मी दोन वर्षं हेच सांगत आले, आणि कोणी विश्वास ठेवला नाही तर भांडत आले.

यंदा राजामणी अत्तै पंपाच्या फॅक्टरीतून निवृत्त झाली. छत्तीस वर्षं तिनं पंपाची दोन झाकणं एकमेकांवर बसवून बोल्ट आवळले, दिवसाला शेकड्यांनी. लॉकरमधलं सामान आणायला तिनं मला बोलावलं, कारण मामाशी ती अजून बोलत नाही. पिशवी जड होती म्हणून मी आत बघितलं. कापडात गुंडाळलेला पान्यांचा जुडगा होता आणि त्यांच्या तोंडांना लाल नेलपॉलिशचे टवके चिकटले होते.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं नजर चुकवली नाही. मधल्या दाराची कडी तिच्याच बाजूला, ती म्हणाली, जेवायच्या सुट्टीत घरी यायची आणि आत जायची. त्या कुत्र्यालाही भात तीच घालायची.

"चहा मीच पिते," ती म्हणाली. "साखर कमी घालतो. लहानपणापासून कंजूष."

मी विचारलं, पण बोल्ट कमी आवळलेत हे तुला कळलं कसं, तू तर आधी गाडी बघितलीही नव्हतीस. ती म्हणाली, भिंतीतून कट् ऐकू आलं आणि समजलं त्यानं कुठला पाना काढलाय. मग तिनं मला मामाला न सांगायची शपथ घातली. मी ती पाळली आहे, मामाला वाचता येत नाही.

आरु मामा गेला त्या दुपारी मरुदु मामा हॉस्पिटलात होता आणि ती डबा घेऊन दुकानात आली होती. बातमी तिला तिथंच कळली. बाकावर नवऱ्याचा तो टॉर्क पाना पडला होता. तिनं तो उचलून दगडी फरशीवर आपटला, हात दुखेपर्यंत, आणि मग पदरानं पुसून परत खिळ्याला लावला.