दम खायच्या जागा

त्या दिवशी वारा साफ पडला होता. चैताचं ऊन, नि गडाचे काळे कातळ सकाळीच तव्यासारखे तापलेले. झाडाचं पान हलत नव्हतं. पण त्या दिवसाचं शेवटी सांगतो. डोली खांद्यावर असली की माणूस बोलत नाही, ऐकतो. म्हणून आम्हा डोलीवाल्यांपाशी असल्या गोष्टी शेवाळासारख्या साठत गेल्या.

महाडहून बैलगाडीने पुण्या-मुंबईची शिकलेली मंडळी यायची. त्यांना महाराजांची राजधानी बघायची असायची, चढायची नसायची. मग आम्ही चौघं. चढाला मागच्यांवर भार जास्त, म्हणून मागे गंगाराम नि त्याचा मेव्हणा. पुढे मी नि माझा शेजारी रामजीदादा.

*

एक भूगोलाचे मास्तर होते. मांडीवर नकाशा पसरून बसले. अर्ध्या चढावर म्हणाले, "शास्त्रानुसार हा सह्याद्री मुळी डोंगरच नव्हे. ही नुसती पठाराची कड."

गंगाराम मागून म्हणाला, "मग मास्तर, उतरा की. सपाटीला डोली कशापायी?"

मास्तरांनी नकाशाची घडी घातली. उतरले मात्र नाहीत.

*

एक वकील होते, दोन माणसांच्या वजनाचे. डोलीतून सारी वाट आम्हाला इतिहास सांगत होते. "काय ते मावळे! या कड्यावरून शेळीसारखे पळायचे. आता तशी माणसंच राहिली नाहीत रे."

आम्ही चौघं घामाने निथळत, "व्हय साहेब."

वर पोचल्यावर डोलीतून पाय खाली टाकला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "दमलो बुवा."

*

एकदा दोन विद्वान दोन डोल्यांत आले. शत्रू पोलादपूरच्या बाजूने आला की घाटावरून उतरला, यावरून त्यांची अशी जुंपली की डोल्या हिंदकळायला लागल्या. शेवटी एकाने गंगारामला विचारलं, "काय रे, तुमचे वाडवडील काय सांगायचे? कुठून आला शत्रू?"

"ते नाय ठाव साहेब. पन डोलीत बसून नाय आला."

*

आता रामजीदादाचं. तो मुंबईच्या गिरणीतून छातीत कापूस भरून परत आला होता. घरात पाच तोंडं, शेत म्हणाल तर उतारावरचा नाचणीचा तुकडा. दुसऱ्या वळणावर त्याचा श्वास शीळ घालायला लागायचा. मागून मुकादम काठी टेकत यायचा. त्याचा नियम एकच: साहेब सांगेल तेव्हाच डोली खाली. आपण होऊन टेकवली, तर उद्यापासून त्या जागी दुसरा खांदा. आणि दुसरे खांदे खाली झाडाखाली बसलेलेच असायचे.

एका खेपेला ती शीळ फारच वाढली. समोर एक चपटा धोंडा होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "रावसाहेब, हितं म्हाराज बसायचे."

"थांबा, थांबा! खाली घ्या!"

साहेब उतरले. धोंडा मापला, वहीत लिहिलं, चारी बाजूंनी बघितला. तोवर रामजीदादा सावलीत बसून माणसात आला.

मग काय. जिथे त्याला दम लागेल तिथे आम्ही इतिहास ठेवला. एका वळणावर महाराजांनी घोड्याला पाणी पाजलं, एका झाडाखाली हेर भेटला. मुकादमाला सारं कळत होतं. पण साहेब खूश, म्हणून तोही मान हलवायचा. दोन वर्षं रामजीदादाची जागा अशी टिकली.

*

तर तो वारा पडलेला दिवस. नवे साहेब आले, हातात पुस्तक. आधीच्या कुणी साहेबांनी लिहून छापलेलं. दुसऱ्या वळणावर रामजीदादाची शीळ सुरू झाली. मी तोंड उघडणार, तोच साहेब ओरडले, "थांबा! हीच ती बैठक!"

आम्ही डोली खाली घ्यायला वाकलो.

"खबरदार! टेकवू नका. महाराजांची जागा ही. इथे कुणी बसायचं नाही. पायताणं काढा."

तापल्या कातळावर अनवाणी, डोली खांद्यावर घेऊन आम्ही उभे. साहेबांनी बसल्या जागी हात जोडले आणि पुस्तकातलं पान मोठ्याने वाचायला घेतलं. पान संपलं, ते उलटलं, पुढचं लागलं. मुकादम रामजीदादाच्या गुडघ्यांकडे बघत होता. पण डोली टेकली नाही.

पुढे झाडाशी तेच, पाण्यापाशी तेच.

संध्याकाळी रामजीदादा आपल्या उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसला होता. मी पाण्याचा तांब्या दिला. तो रिकामा करून तो म्हणाला,

"म्हादू, पुढल्या खेपेला तिथं म्हाराजांना नको रं बसवू. येखादा डोलीवाला बसव."